बिनमिठाची बशी

"सांभाळ, आत एक पायरी खाली आहे," माझा नवरा एलाडिओ म्हणाला.

दार अजून बंद होतं. आतली पायरी बाहेरून दिसायचं काही कारणच नव्हतं. दार ढकलून मी पाऊल टाकलं, तर खरंच एक पायरी खाली!

आमची सहल सरकारी, निवृत्तांची. उत्तरेतल्या आमच्या पालेन्सियाहून बसने दक्षिणेत आठ दिवस. त्या दिवशी आल्मेरिया शहरात दुपार मोकळी मिळाली होती. बाकीची मंडळी किल्ला बघायला गेली. एलाडिओ मात्र म्हणाला, "ऊन आहे. त्यापेक्षा चांगलं जेवू." जो माणूस आमच्या चौकातल्या खाणावळीचा मेनू कधी वाचत नाही, तो मला तीन गल्ल्या ओलांडून, कुणालाही रस्ता न विचारता, एका नव्या धाटणीच्या तापासच्या, म्हणजे छोट्या बश्यांतल्या पदार्थांच्या, हॉटेलात घेऊन आला होता.

"हे तुला कुणी सांगितलं?"

"बसमध्ये कुणीतरी."

"कुणी?"

"अगं, कुणीतरी. आता नाव लक्षात ठेवू का?"

चौतीस वर्षं त्याने ट्रक चालवला. इथल्या शेडमधून टोमॅटो, काकड्या भरायच्या आणि उत्तरेला न्यायच्या. पण मला तो कायम सांगत आला की आल्मेरियाची फक्त गोदामं पाहिली, शहरात कधी पाय ठेवला नाही.

आत काँक्रीटच्या उघड्या भिंती, उंच स्टुलं आणि काळ्या पाटीवर खडूने लिहिलेले पदार्थ. शेजारच्या टेबलावर बटाट्याचं ऑम्लेट आलं, तेही काचेच्या पेल्यात, वर फेस घालून.

"दात नसलेल्यांसाठी असेल," मी म्हटलं. एरवी एलाडिओ हसला असता. तो स्वयंपाकघराकडे बघत होता.

मध्ये नुसती काच होती. आत पस्तिशीची एक बाई कोळंबी भाजत होती. केस बारीक कापलेले, हातावर गोंदलेलं. तिने मान वर केली, एलाडिओला पाहिलं आणि तोंडभर हसली. मग शेजारी मला पाहिलं आणि ते हसू तिथेच विरलं.

"ती कोण?"

"कोण ती?"

"काचेमागची. तुला बघून हसली."

"गिऱ्हाइकाला बघून हसतातच, हर्मिनिया."

एवढ्यात दाढीवाला वेटर दोन बश्या घेऊन आला. आम्ही अजून वाइनशिवाय काही मागवलं नव्हतं. भाजलेल्या मिरच्या आणि माशाचे पातळ काप. एक बशी त्याने माझ्यापुढे ठेवली. दुसरी एलाडिओपुढे ठेवत म्हणाला, "ही तुमची, बिनमिठाची."

माझा काटा हातातच राहिला. एलाडिओला रक्तदाब निघाला तो मार्चमध्ये. हे तीनच माणसांना ठाऊक होतं: डॉक्टर, मी आणि आमचा मुलगा ब्रुनो.

"याला कसं कळलं?"

"चेहरा बघून ओळखलं असेल."

"चेहरा बघून मीठ कळतं? माझ्या चेहऱ्यावर काय दिसतंय आत्ता?"

तो मिरचीचा देठ बशीत फिरवत बसला. मी मात्र मनात जुळवाजुळव करायला लागले. दर फेब्रुवारीत तो 'जुन्या ड्रायव्हरांच्या मेळाव्याला' सारागोसाला जायचा, दोन दिवस. परत आला की खांद्यांना उन्हाचा वास. फेब्रुवारीतल्या सारागोसात कसलं ऊन? आणि ही पस्तीस वर्षांची. म्हणजे ही जन्मली तेव्हा आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. मी काचेपलीकडे तिच्या हनुवटीत एलाडिओची हनुवटी शोधू लागले. आणि शोधलं की सापडतंच.

मी उठले.

"हर्मिनिया, बस. मी सांगतो."

"तू नको. तू खूप सांगितलंस."

सरळ स्वयंपाकघराच्या दारात जाऊन मी उभी राहिले. "बाई, तू माझ्या नवऱ्याची कोण?"

तिने हात पुसले. घाबरली नाही. "मी ओलाया. कास्तोची मुलगी."

कास्तो! एलाडिओचा जोडीदार ड्रायव्हर. सव्वीस वर्षांपूर्वी घाटात ट्रक उलटला आणि तो गेला. बायको-मुलगी जर्मनीला गेल्या, पत्ता नाही, असं मला एलाडिओने सांगितलं होतं.

"जर्मनी?" ओलाया म्हणाली. "आम्ही इथून कुठेच गेलो नाही. आई भाजीच्या शेडमध्ये कामाला लागली. काका दर वर्षी यायचे. या खेपेला मीच फोनवर म्हटलं, काकूंना आणणार नसाल तर तुम्हीही येऊ नका."

एलाडिओ माझ्या मागे येऊन उभा होता.

"यात लपवण्यासारखं काय होतं?" मी विचारलं.

"ती फेरी माझी होती," तो म्हणाला. "त्या दिवशी चर्चमध्ये ब्रुनोचं पहिलं कम्युनियन होतं. तू म्हणालीस, आज गेलास तर परत येऊ नकोस. तुला म्हटलं, फेरी रद्द झाली; आणि कास्तोला म्हटलं, एवढी फेरी तू कर."

मी ते म्हणाले होते. कुठे उभी राहून म्हणाले, तेसुद्धा आठवलं.

"हिला माहीत आहे?"

"मी अठरा वर्षांची झाले तेव्हा काकांनी सांगितलं," ओलाया म्हणाली. "आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"तुला झेपलं नसतं," एलाडिओ म्हणाला.

"झेपलं असतं की नसतं, ते मी बघितलं असतं. तू कोण ठरवणार?" माझा आवाज चढला. जेवणारे लोक वळून बघायला लागले. "आणि हिची आई? तिला काय वाटलं असेल? की जिच्यामुळे हे झालं ती बाई एकदाही आली नाही?"

ओलाया हळूच म्हणाली, "आई गेल्या वर्षी गेली, काकू."

त्या दुपारी मला एक घास गेला नाही. मुक्कामाच्या हॉटेलवर परतताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. "रागावलीस?" त्याने विचारलं. मी हो म्हटलं. पुढे सहल संपेपर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

पण दुसऱ्याच सकाळी हॉटेलवरून मी एकटीच साध्या बसने पुन्हा आल्मेरिया शहरात गेले. एलाडिओला म्हटलं, तू इथेच थांब. ओलायाने मला दफनभूमीत नेलं. तिथे शवपेट्या भिंतीतल्या कप्प्यांत ठेवतात; एका कप्प्यावर तिच्या आई-वडिलांची नावं होती. मी काय बोलणार? कार्नेशनची फुलं ठेवली आणि उभी राहिले.

थोड्या वेळाने ओलायाने विचारलं, "त्या दिवशी कम्युनियनचा कार्यक्रम कसा झाला होता?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. तिच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा नव्हता.

मग मी तिला सगळं सांगितलं. कोकराचं मांस जरा करपलं होतं. ब्रुनोने पांढऱ्या कोटावर चॉकलेट सांडलं. संध्याकाळी एलाडिओ अंगणात त्याला खांद्यावर घेऊन नाचला. ती मध्येमध्ये विचारत होती: केक कसला होता, किती माणसं होती, कास्तो गेल्याचा फोन किती वाजता आला. मी काहीही गाळलं नाही.