समुद्रासमोरचा पडदा

मित्रांनो, मला पाहायला आजवर कोणीही आलेले नाही. जो आला, तो मी बाजूला व्हावे म्हणून आला. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण मी एक जुना पडदा आहे आणि माझ्या पाठीमागे समुद्र आहे.

माझा रंग ओल्या वाळूचा होता. आता तो कोरड्या वाळूचा झाला आहे. एका गिरणीत मी जाड सुताने विणला गेलो आणि तिथून एका बडबड्या शिंप्याच्या टेबलावर आलो. त्याने मला पाठीमागून अस्तर लावले, वर चुण्या घातल्या आणि खालच्या दुमडीत शिशाचे चपटे तुकडे शिवले. "वारा येईल, लाडीगोडी लावील," तो मला म्हणाला, "तू हुरळून जायचं नाहीस. सरळ उभं राहायचं." मी ते अजून पाळतो आहे.

टेकडीच्या उतारावर एक नवी कोरी इमारत उभी राहिली होती. तिथले एक घर नमुना म्हणून सजवून ठेवले होते. मला त्या घरात टांगले. पलंगावर चादर होती, पण तिच्यावर कोणी झोपत नव्हते. टोपलीत फळे होती, ती मेणाची. कपाटातली पुस्तके नुसती पुठ्ठ्यांची, आत पाने नाहीत. त्या घरात खरे असे एकच होते, आणि ते माझ्यामागच्या काचेपलीकडे होते. उतार संपतो तिथे गोल्फची मैदाने होती, एकाला लागून एक, मऊ हिरवी. आणि ती जिथे थांबतात तिथून पुढे सगळा समुद्र.

घर दाखवायला एक बाई असे. तिचे नाव इमारतीत सगळ्यांनी 'शेवटीताई' पाडले होते, कारण तिचा नियमच होता, की पडदा सगळ्यात शेवटी. घर घ्यायला आलेली माणसे दारातून आत आली की सरळ माझ्याकडे धावत. ती आडवी येई. "आधी स्वयंपाकघर. मग न्हाणीघर. मग कपाटं. समुद्र कुठे पळून जात नाही!" सगळे पाहून झाले की ती माणसांना खोलीच्या मधोमध उभे करी आणि दोरी ओढे. मी दोन्ही बाजूंना सरके.

मित्रांनो, तेव्हा मी काय पाहिले? समुद्र नव्हे. समुद्राकडे माझी पाठ होती. माझे तोंड खोलीकडे, म्हणून मी चेहरे पाहिले. फरशीच्या रंगावरून कडकडून भांडत आलेले नवरा-बायको एकाएकी गप्प झाले आणि त्यांचे हात एकमेकांना चाचपडू लागले. एका बड्या साहेबांच्या खिशात फोन वाजत राहिला, तो त्यांना ऐकूच आला नाही. गोल्फ खेळणारे लोक आले की मैदानातले झेंडे शोधायचे, आपापसात वाद घालायचे, आणि मग वाक्य अर्धे टाकून तेही थांबायचे. मोठी माणसे अचानक लहान व्हायची. आधी मला वाईट वाटे, की इतकी मेहनत करून मला शिवले ते घड्या होऊन भिंतीला चिकटण्यासाठी! पण तसे चेहरे रोज पाहायला मिळाले, तेव्हा मी निमूट बाजूला होऊ लागलो.

एका सकाळी तिघे आले. साठी ओलांडलेले नवरा-बायको आणि त्यांची मुलगी. मुलगी वाचनालयात काम करणारी, कमी बोलणारी. तिने कपाटातले एक पुस्तक काढले, आत काही नाही हे पाहून हळूच परत ठेवले. आई-बापांचे एका अरुंद गल्लीत चष्म्याचे दुकान होते. ते नुकतेच दुसऱ्याच्या हाती सोपवून दोघे मोकळे झाले होते. बाई डोळ्यांचा नंबर काढत, नवरा काचा घासून फ्रेममध्ये बसवी.

"दुकान असं चिंचोळं होतं ना ताई," बाई शेवटीताईला सांगू लागल्या, "की नंबर काढायला लागतं तेवढं अंतरच मिळेना. मग यांनी काय केलं, तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगला आणि समोर आरसा लावला. तक्त्यावर अक्षरं उलटी, आरशात सुलटी. झालं अंतर दुप्पट!"

"म्हणजे जन्मभर आम्ही लांबचं पाहिलं ते आरशात," नवरा म्हणाला. "म्हटलं, आता खरंखुरं लांब बघू."

बाईंना एक सवय होती. भिंग बदलत गिऱ्हाइकाला विचारायचे, ते त्या सगळीकडे विचारत. कपाटाचे दार उघडून आणि मिटून त्यांनी मुलीला विचारले, "असं बरं, की असं?"

"आई, ते कपाट आहे. त्याला चष्मा नकोय."

शेवटीताई खुदकन हसली. मग तिने त्यांना मधोमध उभे केले आणि दोरी ओढली.

नवऱ्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुलीचे ओठ किंचित उघडे राहिले. बाई तर श्वास घ्यायलाच विसरल्या. आणि मग हातच सवयीने वर गेला असावा, त्यांनी तळव्याने उजवा डोळा झाकला.

"ताई, काच पुसली नाही वाटतं आज? मधोमध डाग पडलाय."

"छे हो! सकाळीच पुसलीय." शेवटीताईला ते लागले. तिने पर्समधून रुमाल काढून काच पुन्हा पुसली.

"अजून आहे."

नवरा पुढे झाला. काच हा त्याचा प्रांत. त्याने तिच्यावर श्वास सोडून ती शर्टाच्या बाहीने घासली. बाईंनी हात बदलला, डावा डोळा झाकला. "आता नाही." पुन्हा बदलला. "आता आहे."

काचेवरचा नवऱ्याचा हात तसाच राहिला. दोघांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे डोळे पाहिले होते. त्यांना आणखी काही सांगावे लागले नाही.

"कधीपासून?" त्याने विचारले.

"मला काय ठाऊक! दोन्ही उघडे असले की कळतच नाही."

"अगं, दर वर्षी मी तुझा नंबर काढतो. एकेक डोळा झाकून. शेवटची बारीक ओळसुद्धा तू घडाघडा..." आणि तो मध्येच थांबला.

"पाठ आहे मला तो तक्ता," बाई म्हणाल्या. "लोकांकडून वाचून घेता घेता झाला. आत्ता डोळे मिटून म्हणून दाखवू?"

दोघांत कोणीच कोणाला फसवले नव्हते. डोळ्यांच्या आधी अक्षरे जिभेवर येत होती, इतकेच. अशी चूक एखाद्या चष्मेवाल्याच्याच घरात होऊ शकते. समुद्र मात्र त्यांना पाठ नव्हता.

त्या दिवशी घर तसेच राहिले. काही आठवड्यांनी तिघे परत आले. मधल्या काळात डॉक्टरांना दाखवून झाले होते. डाव्या डोळ्याच्या आतला पडदा झिजतो आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. माणसाच्या डोळ्यातही आमच्यातला एक असतो, हे मला तेव्हा कळले. उजवा डोळाही हळूहळू त्याच वाटेने जाईल, किती हळू ते सांगता येत नाही, औषधाने थोडा वेळ मिळेल. हे सगळे मुलीने शेवटीताईला खालच्या आवाजात सांगितले. शेवटीताई मला उघडून स्वयंपाकघरात गेली आणि मेणाची फळे पुसत बसली.

"जे दिसणारच नाही, त्याच्यासमोर घर कशाला घ्यायचं?" नवरा म्हणाला. "दवाखान्याजवळ घेऊ. सपाटीवर. तुला चालायला सोपं."

"बाबा बरोबर बोलतायत, आई."

"तुम्ही दोघं नेहमीच एका पार्टीचे!" बाई म्हणाल्या. मग त्या समुद्राकडे वळल्या. "हे बघा, तक्ता मला पाठ आहे. उद्या डोळे गेले तरी तो माझ्याकडे राहील. पण काय करू त्याचं? तीच तीच अक्षरं! मला हे पाठ करायचंय. तेवढी सवड आहे अजून. एकदा पाठ झालं, की मग डोळ्यांना काय करायचं ते करू दे."

मुलगी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली होती. नवऱ्याने स्वयंपाकघराच्या दिशेने विचारले, "ताई, हा पडदा घराबरोबरच मिळतो का हो?"

असा मी त्यांचा झालो. मेणाची फळे गेली, खरी आली. पुठ्ठ्यांच्या जागी मुलीने वाचता येणारी पुस्तके आणून ठेवली. रोज सकाळी नवरा दोरी ओढी, बाई खुर्चीत बसत आणि पाठांतर सुरू होई. वर आभाळ, खाली रेघ, डावीकडे बोट, उजवीकडे खडक, खडकावर पांढरे. मध्येच मैदानाकडे लक्ष जाई.

"काय शोधतायत हो ती माणसं? केव्हाची वाकून वाकून बघतायत."

"चेंडू हरवलाय."

"बघा! सगळ्यांना नंबर आहे. खाली एक दुकान टाकायला हवं होतं आपण."

पण पाठांतर काही होईना. आदल्या दिवशीची जांभळी पट्टी दुसऱ्या दिवशी नसे. रेघ कधी काळी, कधी चांदीची, कधी पुसून गेलेली. पाऊस आला तर समुद्र उभाच दिसे. "मेला रोज तक्ता बदलतो!" बाई म्हणत. हरल्याचा सूर त्यात मुळीच नसे. एखाद्या लबाड पोराचे कौतुक करावे तसे त्या म्हणत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तेच असे जे मी पहिल्या दिवशी पाहिले होते. इतरांच्या चेहऱ्यावर ते एकदाच येई. त्यांच्या चेहऱ्यावर ते रोज नव्याने येई.

पुढे दोन्ही डोळ्यांचा मध्यभाग गेला. तेव्हा एक नवल झाले, मित्रांनो. मधले दिसत नसले तरी कडेचे दिसत होते. म्हणून समुद्र दिसावा यासाठी बाई समुद्राकडे बघत नसत. खुर्चीत किंचित वळून त्या थेट माझ्याकडे बघत, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून समुद्र आत येऊ देत. मला पाहायला कोणी आले नाही, असे मी सुरुवातीला म्हणालो ना? ते खरेच आहे. तरी काही वर्षे एक चेहरा रोज सकाळी माझ्यासमोर होता, आणि त्यावर सगळा समुद्र होता. जे दिसेनासे झाले ते नवरा सांगे. "बोट निघाली." "कुठल्या बाजूला?" "आपल्या डाव्या हाताला." "मग?" मग तो पुढचे सांगे.

एका हिवाळ्यात बाई गेल्या. दुखणे छातीचे होते आणि फार दिवस चालले नाही.

त्यानंतर नवऱ्याने मला ओढून घेतले आणि दोरीला गाठ मारली.

मी बंद राहिलो. उन्हाने माझे अस्तर विरले, चुण्यांत धूळ बसली, एक आकडी तुटून खांदा लोंबू लागला. मुलगी दर आठवड्याला येई. जेवण आणी, वडिलांजवळ बसे, पुस्तक उघडे आणि पान उलटत नसे. गाठ तिला दिसत होती. तिने गाठीला हात लावला नाही. तिलाही ती सोयीची असावी.

एक दिवस वडील शिंकू लागले आणि थांबेचनात.

"पडदा धुवायला हवा, बाबा."

"राहू दे."

"आईने इतका मळू दिला असता?"

वडील उठले. चष्म्याच्या काडीतले तिळाएवढे स्क्रू बसवणाऱ्या त्या बोटांना आता गाठीचे टोक सापडेना. तरी गाठ त्यांनी स्वतःच सोडवली. मुलीने मला उतरवून मोठ्या टबात भिजवले, हाताने चोळले, तीनदा पाणी बदलले. आणि बाहेर सज्जाच्या कठड्यावर आडवे टाकले. माझा अर्धा भाग बाहेर, अर्धा आत.

अशा रीतीने, मित्रांनो, म्हातारपणी मी पहिल्यांदा समुद्र पाहिला. इतके चेहरे पाहून मला वाटले होते, की मला तो ठाऊक आहे. मला काही ठाऊक नव्हते. मी ओला होतो, जड होतो, शिशाचे तुकडे मला खाली ओढत होते, आणि तरी त्या क्षणी वाऱ्याने नेले असते तर मी गेलो असतो. शिंप्याने मला माफ करावे.

आतल्या अर्ध्या भागाने मी खोली पाहत होतो. खिडकी उघडी बोडकी होती. वडील खोलीच्या मधोमध, बरोबर त्याच जागी उभे होते. त्यांनी तळव्याने एक डोळा झाकला. मग दुसरा.

"दोन्ही डोळ्यांनी बघा, बाबा," मुलगी म्हणाली. ती आईच्या खुर्चीत बसली आणि तिने डोळे मिटून घेतले. "काय काय आहे आज?"

"बोट आहे," वडील म्हणाले. "मोठी आहे."

"कुठल्या बाजूला?"

"आपल्या डाव्या हाताला." ते खिडकीकडे एक पाऊल सरकले. "रेघ आज दिसत नाही. आभाळ आणि पाणी एकच झालंय."

"मग?"

मी वाळलो तेव्हा मुलीने विरलेल्या जागी नवे अस्तर जोडले, आकडी बदलली, खांदा सरळ केला. दोरीला पुन्हा गाठ पडली नाही.

मित्रांनो, मी जुना आहे आणि मला फार मागायचे नाही. आम्हां पडद्यांना अधूनमधून धुवा, उन्हाने विरलेले शिवून घ्या, आणि सकाळी उघडायला विसरू नका. आणि तुमच्या घरात कोणी आपला तक्ता पाठ करून बसले असेल, विचारले की "माझं बरं आहे" असे घडाघडा म्हणून दाखवत असेल, तर त्यांच्यापुढे कधी तरी असे काही धरा, जे त्यांना पाठ नाही. खुर्ची ओढून जवळ बसा. ते काय सांगतात ते शेवटपर्यंत ऐका.

आजही सकाळ झाली आहे. मुलगी राहायला आली आहे. दोरी तिच्या हातात आहे आणि मी अर्धा उघडलो आहे.

"बाबा, असं बरं, की असं?"

"आणखी थोडं," वडील म्हणतात.

मी बाजूला होतो.