कुबेरयंत्राचा कान पिळला तेव्हा

"कुंईऽऽ!" यंत्र किंचाळलं आणि लंकाबाईच्या अंगणात जमलेल्या दोनशे माणसांनी एकदम हात जोडले. त्यात सरपंच आप्पासाहेब होते, दूधडेअरीचे चेअरमन होते आणि माझ्या चौथीच्या वर्गातली निम्मी पोरं होती. मधल्या सुट्टीत ती कुंपणावरून पसार झाली होती. त्यांना शोधत मी, त्यांची शिक्षिका प्रणिता, तिथं पोचले.

गर्दीच्या मधोमध खजिनेबाबा उभे होते. अंगात भगवी कफनी, डोळ्यांवर गॉगल आणि हातात लांब दांडीचं यंत्र. दांडीच्या खालच्या टोकाला ताटाएवढी चकती होती आणि वरच्या टोकाला डबी. डबीवर लाल दोऱ्याचे इतके वेढे होते की ती दिसतच नव्हती.

"बारा वर्षं हिमालयात तप केलं, तवा गुरूनं हे कुबेरयंत्र दिलं!" बाबा गरजले. "सोनं दिसलं की ते रडतं!"

"त्याला सेल लागतात का हो?" मी विचारलं.

"लागतात," बाबा जराही न अडखळता म्हणाले. "पन आमी मंत्र भारून घालतो."

तिसगावच्या पुढची आमची ही वाडी. लंकाबाईचं घर वाडीच्या टोकाला, जुन्या वीटभट्टीच्या जागेवर. नवरा गेल्यावर पाच वर्षं ऊसतोडीला जाऊन तिनं या तीन खोल्या उभ्या केल्या होत्या. आणि यंत्र नेमकं इथंच सगळ्यात जोरात ओरडत होतं.

"मधल्या खोलीखाली मोहरांचे सात हंडे हायेत," बाबांनी निकाल दिला. "पन धन लई लाजाळू. सोनं दिसलं तरच वर येतंय. सात सुवासिनींनी अंगावरचं सोनं या गाडग्यात टाकायचं. गाडगं मधल्या खोलीत पुरायचं. तीन दिवस घरात माझ्याशिवाय कुनी नगं. चौथ्या दिवशी घर पाडायचं अन् खनायचं!"

"पाडायचं?" लंकाबाई पुढं आली. "माझं घर?"

"अगं, सोन्याच्या विटांचं बांधून देऊ तुला," आप्पासाहेब म्हणाले. गर्दीनं माना डोलावल्या.

मी धावत शाळेत गेले आणि प्रयोगाच्या पेटीतला लोहचुंबक घेऊन आले. दोऱ्याला बांधून तो अंगणातल्या मातीतून ओढला. वर उचलला तेव्हा त्याला काळ्या भुकटीच्या दाढीमिशा फुटल्या होत्या.

"बघा," मी म्हणाले, "आपल्या काळ्या दगडातच लोखंडाचे कण असतात. त्याची माती भट्टीत भाजली की चुंबक तिला आणखी ओढतो. हे यंत्र सोन्याला नाही, मातीला ओरडतंय!"

बाबांनी चुंबक माझ्या हातातून घेतला आणि उंच धरला.

"बघा, बघा! हंड्यांच्या झाकनांचा गंज वर आला! आमी बोललो ते मॅडमनी सिद्ध केलं!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांनी माझ्या हातात नारळ ठेवला. हरल्याबद्दल सत्कार झालेली मी जिल्ह्यातली पहिलीच शिक्षिका असेन.

वाडीतल्या थोरल्या गोजरबाईंनी सगळ्यांत आधी आपली मोहनमाळ गाडग्यात टाकली. मग बाकीच्या सहाजणींनी टाकलं. गाडगं पुरलं, दार लागलं. लंकाबाई दोन शेळ्या आणि एक ट्रंक घेऊन शाळेच्या व्हरांड्यात येऊन बसली. माझ्याच मोबाईलवरून तिनं भावाला फोन लावला.

"दादा, लगोलग ये," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

तिचा भाऊ अजिनाथ शिर्डीत एका हॉटेलवर सुरक्षारक्षक. त्याआधी वीस वर्षं फौजेत, जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायच्या कामावर. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तो उतरला. मी सगळी हकिगत सांगितली. यंत्राचं वर्णन ऐकून त्यानं दोनच प्रश्न विचारले.

"हवेत धरल्यावर ओरडतं का?"

"नाही."

"अन् बाबा हात वर-खाली करतो का?"

मी आठवून पाहिलं. खरंच की! जिथं ओरडायला हवं, तिथं बाबा चकती चार बोटं खाली नेत होते.

अजिनाथ हसला. "चला, दर्शन घेऊ."

सकाळच्या दर्शनाला बाबा दार उघडून अंगणात आले होते. अजिनाथनं वाकून नमस्कार केला.

"बाबा, यंत्राला जरा हात लावू द्या. जन्माचं सार्थक होईल."

"पाप्यानं हात लावला तर यंत्र मुकं होतं!"

"मग तर धरू द्याच त्याला," मागून गोजरबाई म्हणाल्या. रात्रभर त्यांचा डोळा लागला नव्हता. "पापी कोन ते तरी कळंल."

लोक हसले आणि पुढे सरकले. बाबांना यंत्र द्यावं लागलं. अजिनाथनं सरळ लाल दोरा उलगडायला घेतला. खाली दोन बटणं निघाली, दोन्ही मेणानं पक्की बसवलेली.

"हे कानाचं बटन," तो सगळ्यांना दाखवत म्हणाला. "किती बारीक आवाज टिपायचा ते हे ठरवतं. बाबानं पार टोकाला नेलंय. अन् हे जमिनीचं बटन. आपली जमीनबी यंत्राशी बोलती. तिला आधी गप करावं लागतं, न्हाईतर यंत्र मातीलाच सोनं समजतं. फौजेत आमाला पहिला धडा हाच. मातीचा आवाज सुरुंगाचा समजलो, तर हजार खड्डे खनून खरा सुरुंग ऱ्हायचा."

त्यानं नखानं मेण खरवडलं. कानाचं बटण थोडं मागं घेतलं. मग चकती गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीपर्यंत खाली नेली, वर आणली. कुंई! जमिनीचं बटण जरा फिरवलं. पुन्हा खाली, पुन्हा वर. कुंऽ. आणखी जरा फिरवलं. पाचव्या खेपेला चकती मातीला टेकली तरी यंत्र गप्प!

"मुकं झालं! पापी!" बाबा ओरडले.

"मावशी, तुमचं एक जोडवं द्या," अजिनाथ गोजरबाईंना म्हणाला. आपण पाठ करून उभा राहिला आणि आप्पासाहेबांना ते मातीत कुठंही पुरायला लावलं. मग यंत्र अंगणभर फिरवलं. सगळीकडं शांत. तुळशीपाशी मात्र टिंग! आप्पासाहेबांनीच उकरून जोडवं काढलं.

"आता हंडे बघू," म्हणत अजिनाथ मधल्या खोलीत शिरला. मागोमाग आम्ही सगळे. तिथं त्यानं जमिनीचं बटण पुन्हा जुळवून घेतलं. "जागा बदलली की हे बटन परत पिळायचं," तो म्हणाला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चकती फिरली. आवाज नाही. गाडगं पुरलं होतं तिथं फिरली. तिथंही आवाज नाही.

"माझी मोहनमाळ का गप?" गोजरबाईंनी विचारलं.

अजिनाथ हळूच वळला आणि खाटेवर ठेवलेल्या बाबांच्या वाघाच्या छापाच्या चादरीच्या वळकटीवर त्यानं चकती धरली. टिंग टिंग टिंग टिंग!

वळकटीतून पुरचुंडी निघाली आणि पुरचुंडीतून सातजणींचं सोनं. गाडगं उकरलं तर आत खडी.

"माया! कुबेरानं जागा बदलली!" असं म्हणत बाबा दाराकडं सटकले. पण दारात गोजरबाई होत्या आणि त्यांच्या हातात चप्पल होती. पोलीस येईपर्यंत बाबांनी एकही मंत्र म्हटला नाही.

गर्दी पांगल्यावर आप्पासाहेब लंकाबाईसमोर उभे राहिले.

"ताई, चुकलो. तुझं घर पाडायला मीच पुढं हुतो."

शाळेतून परत आणलेली ट्रंक लंकाबाईनं उचलून आत नेली, शेळ्या दाव्याला बांधल्या आणि मग म्हणाली, "बसा, च्या टाकते. पन पुढच्या बारीला कुनाचं घर पाडायचं झालं, तर आधी तिला इचारा."

चहा पिताना मी मनातल्या मनात स्वतःलाच दोष देत होते. मी बरोबर बोलत होते, पण नुसती बोलत होते. अजिनाथनं यंत्र हातात घेतलं, जोडवं पुरायला लावलं, आणि खरं काय ते लोकांना त्यांच्याच डोळ्यांनी बघू दिलं. तुमच्या गावात असा कुणी चमत्कारवाला आला, तर भांडू नका आणि हातही जोडू नका. ती वस्तू हातात मागा. आतलं बटण कोणतं ते विचारा. खोटं असेल तर उघडं पडेल, असाच एक प्रयोग सगळ्यांसमोर करून बघा. जे खरं असतं, ते अशा तपासणीवर कधी रागावत नाही.