गाणं संपल्यावर घ्यायचं नाव

मी रुअनांच्या पाहुण्यांच्या खोलीतला पियानो बोलतोय. मेयो परगण्यातल्या या शेतघरात मी काही वाजतगाजत आलो नाही. मठातल्या शाळेनं नवा पियानो घेतला, मी अडगळ झालो, आणि मॅटी रुअननं मला गवताच्या गाडीवर घालून घरी आणलं. त्याची बायको नोरा दारातच म्हणाली, "आणि वाजवणार कोण? गायी?"

पाहुण्यांची खोली म्हणजे घरातली सगळ्यात चांगली आणि सगळ्यात थंड खोली. पाद्रीबाबा आले, नाताळ आला किंवा घरातलं कुणी गेलं, तरच तिथली शेगडी पेटायची. बाकी वर्षभर माझ्या सोबतीला ओल आणि चिनी मातीची दोन कुत्री.

वाजवणारी निघाली ती ब्रीज, त्यांची एकुलती एक लेक. मठातल्या सिस्टर अट्रॅक्टांकडे ती गाणं शिकायची. पण वाजवण्यापेक्षा तिला माझ्याशी खेळायला आवडे. तारा मोकळ्या करणारं उजवं पायडल दाबून धरायची आणि माझ्या अंगाला तोंड लावून एक लांब सूर सोडायची. माझ्या तारा तोच सूर परत द्यायच्या. "डॅडी, आत कुणीतरी आहे," ती सांगायची. मॅटी गंभीरपणे म्हणायचा, "असणारच. मठातली एखादी नन राहिली असेल आत."

नाताळात शेजारी जमायचे. आमच्याकडची रीत अशी की ज्याचं गाणं संपलं त्यानं पुढच्याचं नाव घ्यायचं, आणि नाव घेतलेल्यानं नाही म्हणायचं नाही. गळा नसेल तर गोष्ट सांगा, गाढवासारखं ओरडा, पण उठा. मॅटी हरवलेल्या कालवडीचं एकच गाणं गायचा, अर्धं सुरात नि अर्धं वाऱ्यावर. शेवटी दरवर्षी एकच नाव घ्यायचा. मग ब्रीज नदीपल्याडच्या शेताचं गाणं म्हणायची आणि लोकांच्या हातातला चहा निवून जायचा.

पुढे ती डब्लिनला शिकली, बक्षिसं मिळवली आणि जर्मनीतल्या एका ऑपेराच्या नाट्यगृहात कोरसमध्ये लागली. गावानं छाती फुगवली आणि पोरगी आता ओळख देत नाही असंही म्हणून घेतलं.

एका नाताळात ती गळ्याभोवती मफलर गुंडाळून आली. सुट्टी संपताच मुख्य भूमिकेसाठी तिची परीक्षा होती. खोली माणसांनी आणि शेगडीच्या धुरानं भरलेली. मॅटीनं गाण्यातली कालवड शोधून आणली आणि म्हणाला, "ब्रीज रुअन."

"आज नको डॅडी," ती हसून म्हणाली. "घसा जपायचाय."

रागावलं कुणीच नाही. पण घेतलेलं नाव तसंच हवेत राहिलं, त्यावर दुसरं नाव कोण घेणार? नोरानं चहा फिरवला, लोक पावसाबद्दल बोलले आणि लवकर उठले. पुढच्या नाताळात मॅटीनं शेगडी पेटवलीच नाही. तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. गळा हेच तिचं शेत होतं, ते कोण उघड्यावर टाकेल? पण मला त्या थंडीत फार एकटं वाटलं.

भूमिका तिला मिळाली, मग आणखी मिळाल्या. मॅटी कधी ऐकायला गेला नाही, कारण गायींना सुट्टी नसते, आणि नोरा वारल्यावर घरी दुसरं कुणी नव्हतं. एकदा संध्याकाळी तिचं गाणं रेडिओवर लागणार होतं. त्यानं चर्चला जायचा कोट घातला, रेडिओ माझ्या डोक्यावर ठेवला आणि समोर ताठ बसला. भाषा परकी, आणि नायिका मरायला भलताच वेळ लावत होती. शेवटी टाळ्या पडल्या. मॅटी पुढे वाकला. "आता घेईल नाव," तो मला म्हणाला.

रेडिओवर बातम्या लागल्या. तो आणखी थोडा वेळ तसाच बसला, मग रेडिओ बंद करून त्यानं माझ्यावर चादर घातली.

या मार्चमध्ये मॅटी गेला. ब्रीज आली ती कायमचीच जर्मनी सोडून. तिचे वरचे सूर गेलेत आणि नाट्यगृहानं फुलं देऊन निरोप दिलाय. घर विकलं गेलं. मला फुकटसुद्धा कुणी नेईना. शाळेला नको, चर्चला नको. शेजारचा पॉरिक म्हणाला, "कोंबड्या बसवायला चालेल, पण कोंबड्यांनाही ओल सोसत नाही." उद्या मला कचऱ्यात न्यायला गाडी येणार आहे.

आज दुपारी ती आत आली. अंगातला कोट न काढताच माझ्यासमोर बसली आणि उजवं पायडल दाबलं. नदीपल्याडच्या शेताचं गाणं तिनं म्हटलं. वरच्या जागा खाली घेतल्या, दोनदा आवाज फाटला. गाणं संपलं. मग तिनं भिंतीलगतच्या खुर्च्यांकडे पाहिलं. रीत ती रीत, नाव तर घ्यायला हवं.

"मॅटी रुअन," ती म्हणाली, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणाऱ्या आवाजात.

माझ्या तारा गंजलेल्या, निम्म्या बेसूर. तरी होतं नव्हतं ते सगळं लावून मी ते नाव उचललं आणि निभेल तितकं धरून ठेवलं. नाद पूर्ण विरेपर्यंत तिनं पाय काढला नाही.

रेडिओची ती संध्याकाळ तिला ठाऊक नाही, आणि मला ती सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला मॅटी भेटलाच, तर माझा एवढा निरोप द्या: तिनं नाव घेतलं. उशिरा घेतलं, पण घेतलं.