हत्तीचे कान झालेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी काळी छत्री आहे. पण आज मला पाहून कुणी छत्री म्हणणार नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका लहानशा कारखान्यात झाला. आठ काड्या, काळेभोर कापड आणि वेताची वाकडी मूठ असे माझे रूप होते. पौडच्या कोंडाजी पोस्टमननी मला विकत घेतले. ते ताम्हिणीकडच्या वाड्यांना टपाल पोहोचवत. पावसात स्वतः अर्धे भिजत, पण टपालाची पिशवी माझ्याखाली धरत. "पत्र कोरडं कसं वो?" असे कुणी विचारले, की मला थोपटून म्हणत, "हिला इचारा!" तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

सहा पावसाळे असे गेले. सातव्या वर्षी घाटातल्या वाऱ्याने मला उलटवून टाकले. काड्या मोडल्या, कापड फाटले. पौडच्या बाजारात स्टोव्ह, कंदील आणि छत्र्या दुरुस्त करणाऱ्या बाबालालने मला दोनदा नीट केले. तिसऱ्यांदा मोडले तेव्हा तो म्हणाला, "पोस्टमन, आता हिच्यात काय जीव ऱ्हायला न्हाई. नवी घ्या." कोंडाजींनी माझ्या मुठीवरून हात फिरवला आणि ते निघून गेले. मी दुकानामागच्या ढिगात पडले.

त्या ढिगाशेजारी बाबालालची थोरली बहीण जोहराबी गोधड्या शिवत बसे. ऐन तरुणपणी विषमज्वराने तिचे दोन्ही कान गेले होते. आधी लोक तिच्याशी ओरडून बोलत. मग कंटाळले. गिऱ्हाईक तिच्या डोक्यावरून भावाशीच बोले. हळूहळू तीही बोलेनाशी झाली. आम्ही दोघी शेजारी शेजारी गप्प.

१९६२ सालच्या हिवाळ्यात सरकारी सिनेमाची गाडी पौडला आली. गाडीबरोबर आलेल्या साहेबांना दिवस मावळायच्या आत परतायचे होते, म्हणून भर दुपारी भाताच्या गोदामात पडदा बांधला. दारे लावली, तरी एका फुटक्या खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येई. बाबालालने ढिगातून मला उचलले, उघडले, फाटक्या जागी गोणपाट लावले आणि खिडकीत घट्ट बसवले. अशा रीतीने, मित्रांनो, सिनेमा पाहणारी मी पौडमधली पहिली छत्री!

माहितीपट होता टाकाऊ वस्तूंपासून कलाकृती करणाऱ्या माणसांचा. कुणी फुटक्या बांगड्यांची चित्रे करत होते, कुणी गंजक्या पत्र्याचे पक्षी. थोडा वेळ गेला आणि खर्रर करून आवाज बंद पडला. चित्रे हलत राहिली, पण मुकी.

"अवं साहेब, बोलत का न्हाई ह्यो?" हैबतराव पाटील ओरडले.

साहेबांनी तारा हलवून पाहिल्या. उपयोग झाला नाही. माणसे उठू लागली. साहेब यंत्र बंद करायला वाकले. माझ्या मनात आले, संपले सगळे, आता पुन्हा ढीग!

तेवढ्यात बायकांच्या बाजूने कुणीतरी खदखदून हसले. जोहराबी! आवाज गेल्याचे तिच्या गावीही नव्हते. कितीतरी दिवसांनी ती बोलली, आणि साऱ्या गोदामाला ऐकू जाईल अशी बोलली, "अगं बायांनो, त्या कोंबड्याचा तुरा बघा! फणी हाय, केसाची फणी!"

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. खरेच फणी होती.

"आन् शेपूट? कोयतं हायेत न्हवं?" शेजारी बसलेल्या सारजाबाईने विचारले. मग जोहराबीला ऐकू येत नाही हे एकदम आठवून तिने जोहराबीपुढे हाताने कोयता चालवून दाखवला.

"कोयतं न्हाईत, चमचं!" जोहराबी म्हणाली.

उठलेली माणसे बसली. "ती किटली!" "न्हाई, तांब्या!" वाद झाला की सगळे जोहराबीकडे वळत आणि हातवारे करून विचारत. सायकलचे चाक दाखवताना हैबतरावांचा हात असा फिरला, की शेजाऱ्याची टोपीच उडाली. सिनेमा संपताच एकच गलका झाला, "परत लावा!" साहेबांनी तो हसत हसत परत लावला.

नंतर जोहराबी खिडकीशी आली. तिने मला ओढून काढले, मिटले, उघडले, मूठ निरखली.

"ह्यो तर हत्ती हाय," ती म्हणाली.

बाबालालने हातानेच विचारले, कुठे आहे हत्ती?

"थांब की! मला करू तर दे."

चार दिवस ती खपली. पत्रा कापताना बोट कापले, तरी तिने कात्री सोडली नाही. रॉकेलच्या डब्याचे पोट झाले. माझ्या मुठीची सोंड झाली. माझ्या कापडाचे आणि काड्यांचे दोन कान झाले. मागची दोरी ओढली की ते फडफडतात! बाजाराच्या दिवशी ही गर्दी जमली. कोंडाजी तर दोरी सोडेनातच. शेवटी जोहराबीने त्यांच्या हातावर चापट मारली, "आता दुसऱ्यास्नी द्या!"

तेव्हापासून कुणी फुटकी परात आणतो, कुणी तुटका अडकित्ता. जोहराबीपुढे धरून भुवया उंचावतो, याचे काय होईल? ती सांगते, भांडते, हसते. "दिवसभर बोलती, माझं डोस्कं उठवलं," अशी बाबालालची तक्रार असते, आणि तक्रार करतानाही त्याचे हात बहिणीशी बोलत असतात.

मित्रांनो, मी मोडले होते हे खरेच होते. पण मोडल्यावर मला कुणीतरी पुन्हा एकदा नीट पाहिले. तुम्हीही पाहत जा. आणि एक सांगते. छत्री मोडली तर एक वेळ टाका; पण कुणाला ऐकू येत नाही म्हणून त्याच्याशी बोलणे टाकू नका.