उघड्या पेपरांचा चमत्कार

आलेखातला निळा स्तंभ पडद्यात मावला नव्हता. वरच्या काठाबाहेर तो चार बोटं भिंतीवर चढला होता आणि तिथल्या विजेच्या बटणांवर किंचित वाकला होता. शेजारचा करडा स्तंभ पडद्याच्या पाव उंचीला जेमतेम पोचला होता. माती प्रयोगशाळेच्या बाईंनी नजरेनेच माप घेतलं. सुमारे साडेचार पट. मग त्यांनी उभ्या रेषेवरचे आकडे शोधले. तिथे आकडे नव्हतेच.

आकड्यांवाचून सभागृहात कुणाचं अडलंही नव्हतं. विद्यार्थ्यांच्या प्रत्येक वाक्याला पुरावा मागणारे प्राध्यापक मोबाइल उंचावून त्या स्तंभाचे फोटो काढत होते.

"करडे म्हणजे तुमचे कुलूपबंद पेपर," संस्थेने बोलावलेला सल्लागार सांगत होता. "वाचायचे तर पैसे भरा. निळे म्हणजे ओपन ॲक्सेस. जगातल्या कुणीही फुकट वाचावेत. संस्था तीच, डोकी तीच. फक्त कुलूप निघालं, आणि सायटेशन बघा."

सायटेशन म्हणजे एका संशोधकाने आपल्या पेपरात दुसऱ्याच्या पेपराचा केलेला उल्लेख. या इमारतीत बढती त्याच्यावर मिळे, खिडकीजवळची खोलीही त्याच्यावरच मिळे.

"पेपर हा दिवा आहे," सल्लागाराचा आवाज खाली आला. "तुम्ही तो कपाटात कोंडलाय. मी फक्त कपाट उघडतो. पण कुणीही उघडून भागत नाही. हात योग्य लागतो, प्रकाशक योग्य लागतो. तो मला ठाऊक आहे."

संचालकांनी मान डोलावली. ठराव तयारच होता. यापुढे संस्थेचे सगळे पेपर त्या एका प्रकाशकाकडे जायचे, आणि त्याची फी भागवायला ग्रंथालयात येणारी नियतकालिकं बंद व्हायची. चहानंतर सही.

"खात्री पटत नसेल तर हा बघा," सल्लागाराने पुढचं चित्र लावलं. पडद्यावर बाईंचाच पेपर होता. "शिसं मिसळलेल्या मातीत ही भुकटी घाला, शिसं मातीतच बांधून राहतं, भाजीत उतरत नाही. किती लोकोपयोगी! खुला होण्याआधी सायटेशन नऊ. नंतर एकशे सदतीस. बाई, दुसऱ्या सत्रात आपला अनुभव सांगायला याल ना?"

टाळ्या झाल्या. बाईंनी हात जोडले, कारण दुसरं काय करावं ते सुचलं नाही.

चहाच्या सुट्टीत त्या ग्रंथालयात शिरल्या. ग्रंथपाल म्हणजे त्यांची धाकटी नणंद. सल्लागाराला पहिल्या दिवसापासून 'महाराज' म्हणणारी तीच.

"वहिनी, महाराजांनी तुझी देवी केली की. आता पाया पडायला येतील लोक."

"थट्टा पुरे. यादी कुणी दिली त्याला?"

"मीच. बासष्ट खुल्या पेपरांची. तारखांसकट दिली होती. त्याने तारखांचा रकाना उडवला."

"का?"

"मग चमत्कार कसा दिसायचा?" तिने संगणकाचा पडदा बाईंकडे वळवला. "आपल्याकडे पेपर कधी खुला होतो? बाहेरून पत्रं आली की. प्रत पाठवा, प्रत पाठवा. दहा जणांना दहा वेळा कोण पाठवणार, म्हणून मी तो संकेतस्थळावर टाकते. ज्याला कुणी विचारत नाही तो पडून राहतो. म्हणजे आधीच गाजलेले तेवढे उघडले. हा मोजतो छापल्या दिवसापासून आणि श्रेय देतो कुलुपाला. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. इथे तर फांदी आधीच तुटली होती, कावळा नंतर येऊन बसला."

"आणि खुला केल्या दिवसापासून मोजलं तर?"

"एकसष्ट पेपर जिथल्या तिथे. आधीच्या दोन वर्षांत जेवढी सायटेशन, नंतरच्या दोन वर्षांतही साधारण तेवढीच." तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "एकच वर गेला. तो का गेला ते तुलाही माहीत आहे, मलाही."

बाईंनी संगणक परत तिच्याकडे वळवला.

"मी तारखा दाखवीन, तर तो तुझा पेपर पुढे करील. त्याला उत्तर माझ्याकडे नाही, वहिनी."

"नियतकालिकाला पत्र लिहून ठेवलंय मी."

"दोन वर्षं झाली ठेवून. तिकडे शाळांच्या परसात अजून तुझी भुकटी पसरतायत आणि वर पोरांसाठी पालेभाजी लावतायत."

बाईंनी चहाचा कप तसाच ठेवला. लिहिलेलं पत्र कुठे आहे, त्यात किती ओळी आहेत, सगळं त्यांना पाठ होतं. प्रत्येक महिन्याला त्या ते उघडत, एखादा शब्द बदलत आणि मूग गिळून बंद करत. पुढच्या वर्षी विभागप्रमुखपद त्यांच्याकडे यायचं होतं, ते याच पेपराच्या जोरावर.

दुसऱ्या सत्रात नणंदेने तारखांचा रकाना पडद्यावर लावला. सभागृहात कुजबुज झाली. सल्लागार मात्र हसतच होता.

"ताई, तुम्ही पुस्तकं छान सांभाळता. संख्याशास्त्र आमच्यावर सोडा."

"सोडलं असतं. पण तुम्ही माझाच रकाना कापलात."

"म्हणजे तुम्ही ज्ञान खुलं करण्याच्या विरोधात?"

"मुळीच नाही. खुल्या केलेल्या पेपरांचे वाचक चौपट झाले. दवाखान्यातल्या परिचारिका वाचतात, शाळेतले शिक्षक वाचतात. ते पेपर लिहीत नाहीत, म्हणून तुमच्या स्तंभात दिसत नाहीत. त्यांच्यासाठी दार उघडं ठेवा. ते माझ्या संकेतस्थळावर तुमच्या प्रकाशकावाचून उघडतं. बासष्ट पेपरांवरून मी जगाचा निकाल लावत नाही, तुम्हीही लावू नका. खरंच पाहायचं असेल तर येत्या वर्षीचे पेपर घ्या, चिठ्ठ्या टाका, निम्मे उघडा, निम्मे ठेवा. मग मोजू."

"चिठ्ठ्या!" सल्लागाराने सभेकडे बघून डोळे मिचकावले. काही जण हसले. "आणि बाईंचा पेपर? नऊचे एकशे सदतीस झाले, खुला झाल्यावरच. तुमच्याच तारखा सांगतात. हातच्या कांकणाला आरसा कशाला? या बाई, तुम्हीच सांगा."

बाई उठल्या, पण मंचावर गेल्या नाहीत. जागेवरूनच त्यांनी विचारलं, "त्या एकशे सदतीसपैकी तुम्ही किती वाचलेत?"

"वाचायचे कशाला? सायटेशन मोजायची असतात."

"मी सगळी वाचली आहेत." बाईंनी मोबाइल उघडला. "एक ऐका. 'या पेपरातला निष्कर्ष आम्हाला चार प्रयत्नांत मिळाला नाही.' दुसरं. 'ही पद्धत वापरू नये.' तिसऱ्यात नुसतं 'पाहा, आणि सावध राहा' असं आहे. एकशे आठ जणांनी माझा उल्लेख केलाय तो मी चुकले हे सांगायला. पेपर खुला झाला म्हणून त्यांना प्रयोग तपासता आला, एवढं श्रेय कुलूप निघण्याला जरूर द्या. याला कीर्ती म्हणायचं असेल तर म्हणा."

संचालक अर्धवट उठले. "बाई, हे आपण नंतर, माझ्या खोलीत..."

"नंतर म्हणत दोन वर्षं गेली, सर. मातीतलं किती शिसं सुटून भाजीत जाईल ते मोजायला आपण माती आम्लात भिजवतो. आमची भुकटी चुन्यासारखी. तिने आम्लाचा जोरच मारला. शिसं मातीत सुटंच होतं, फक्त आमच्या बाटलीत उतरलं नाही, म्हणून यंत्राने आकडा कमी दाखवला. आम्हाला तो आकडा हवाच होता, म्हणून आम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाही. आज या सभागृहानेही त्या निळ्या स्तंभाला काही विचारलं नाही. आकडा हवासा वाटला की आधी विचारायचं, तो कुठून मोजला, कुणी मोजला, आणि त्यात वगळलं काय. पहिलीतलं पोरही विचारील एवढंच."

सल्लागार पडद्याच्या वायरशी काहीतरी खटपट करू लागला. संचालकांच्या हातातलं पेन उघडंच राहिलं होतं.

बाईंनी नणंदेकडे पाहिलं, मग सभेकडे.

"माझा पेपर चुकीचा आहे. ती भुकटी वापरणाऱ्या प्रत्येक शाळेला मी आज कळवते, आणि पेपर मागे घेते."