थांबवलेली दुपार

वडील, अण्णा, वारल्यावर पद्मजाने भवानी पेठेतल्या घरी त्यांचा संगणक पहिल्यांदाच उघडला. दुधातला युरिया ओळखणाऱ्या त्यांच्या पट्टीला पेटंट मिळालं होतं, पण पट्टीचं जुनं सॉफ्टवेअर संगणकाच्या आत बनवलेल्या दुसऱ्या, आभासी संगणकावरच चालायचं. अण्णा तो कधी बंद करत नसत. चहाला उठतानाही आहे तिथे थांबवून ठेवत. आताही पडद्यावर अर्धा आलेख होता आणि कोपऱ्यात त्यांच्या शेवटच्या दुपारची वेळ.

अण्णांचे सहकारी अवधूतकाका फोनवर होते. "अगं, सुरू कर की. उद्या डेअरीवाले बघायला येणार."

"सुरू केलं की घड्याळ आजचं होईल, काका."

"मग राहू दे बाई. त्यांना सांगतो मी काहीतरी," काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पण पट्टी चालते हे दाखवायला आता पद्मजाशिवाय कुणी उरलं नव्हतं. तिने वाटीत दूध ओतलं, संगणकाला जोडलेली पट्टी बुडवली आणि बटण दाबलं. घड्याळ क्षणात चार महिने पुढे गेलं. अण्णांच्या रेघेला जोडून नवी रेघ हळूहळू सरकू लागली. दूध चांगलं होतं. ते सांगायला खोलीत कुणी नव्हतं.