साडेबाराला डोळे मिटा

मी प्रिंटरला लाथ मारली, तिथून हे सगळं सुरू झालं.

लाथ काही फार जोराची नव्हती. पण त्या वेळी परीक्षा विभागाच्या खिडकीशी अकरा विद्यार्थी उभे होते आणि त्यांतल्या एकाने ती फोनवर टिपली. दुपारच्या चहापर्यंत सगळ्या युनिव्हर्सिटीची माझी लाथ पाहून झाली होती. एकवीस वर्षं मी त्या खिडकीमागे बसते, तोवर माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. आता पोरं जिन्यात मला पाहून भिंतीला चिकटायला लागली. खरं सांगते, मला ते आवडायला लागलं होतं.

पण आमच्या साहेबीणबाईंनी बोलावून घेतलं. त्यांनी चेहरा असा केला होता की जणू माझ्या घरातलं कुणी गेलंय आणि ते मलाच अजून कळलेलं नाही.

"बेव्हर्ली, ही शिक्षा नाही. आम्ही तुला आधार देतोय," असं म्हणून त्यांनी एक रंगीत कागद पुढे सरकवला. माइंडफुलनेसची सत्रं. दर बुधवारी साडेबारा ते एक, चॅपलच्या वरची खोली, कर्मचारी आणि विद्यार्थी सगळ्यांना मोकळी.

"म्हणजे माझ्या जेवणाच्या सुट्टीत?"

"हो, म्हणजे कामाचा खोळंबा नको."

पहिल्या बुधवारी गेले तेव्हा बाहेर इतका अंधार होता की खोलीत दिवे लावले होते. आमच्याकडे उत्तरेत फेब्रुवारीची दुपार अशीच असते. दाराबाहेर बुटांची रांग होती. आत दहा-बारा खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि कुणीतरी ट्यूना सँडविच पिशवीत आणलं होतं, त्याचा वास सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. एका खुर्चीत आमचा पोर्टर क्लाइव्ह होता. बत्तीस वर्षं तो इथल्या इमारती उघडतो आणि बंद करतो.

"तू इथे कसा? तू पण कशाला लाथ मारलीस?" मी विचारलं.

"खोलीचं कुलूप माझ्याकडे. उघडायला यायचं, अर्ध्या तासाने लावायला यायचं. म्हटलं, मध्ये चार जिने उतरा कशाला? इथेच झोपतो."

"झोपायचं नसतं रे इथे. जागं राहायचं असतं."

"ते मी घरी राहतो की."

शिकवणारी टॅमसिन तिशीची असेल. दर वेळी ती अनवाणी असायची. त्या फरशीवर, त्या महिन्यात! मला तर तिच्या पायांकडे बघूनच हुडहुडी भरायची. तिने आम्हाला एकेक मनुका दिला. तो तळहातावर ठेवून बघायचा, त्याच्या सुरकुत्या न्याहाळायच्या, हुंगायचा, मग जिभेवर ठेवायचा आणि चावायचा नाही.

"काय जाणवतंय?" थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं.

"माझा संपला. दुसरा आहे का?" क्लाइव्ह म्हणाला.

माझ्या शेजारची मुलगी फस्सकन हसली. तिचं नाव फ्रेया. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, वॉर्डातून ड्यूटी संपवून थेट इथे यायची आणि डोळे मिटा म्हटलं की तिसऱ्या श्वासाला घोरायला लागायची. टॅमसिन तिला कधी उठवत नसे. त्यासाठी मी टॅमसिनला बरेच गुण दिले.

मला मनुक्यात मनुकाच दिसला. पण तरी मी पुढच्या बुधवारी गेले, त्याच्या पुढच्याही गेले. कारण साधं होतं. त्या अर्ध्या तासात मला कुणी काही विचारत नव्हतं. माझी उत्तरपत्रिका कुठाय, माझं नाव चुकलंय, माझी आजी वारलीय, परीक्षा पुढे ढकला. एकाच मुलाच्या चार आज्या वारलेल्या मी पाहिल्यात. इथे फक्त टॅमसिन सांगायची की श्वास घ्या, आणि तेवढं मला जमत होतं.

सहाव्या बुधवारी नायजेल प्रॉज आले.

प्रॉज म्हणजे एचआरचे सर्वांत वरचे साहेब. ही सत्रं त्यांनीच सुरू केलेली. सत्र मध्येच सोडून कुणी जायचं नाही, हा नियमही त्यांचाच. "मला नुसतं नायजेल म्हणा," असं प्रत्येकाला सांगत ते आत आले, आपले चकचकीत बूट काढून रांगेत ठेवले आणि माझ्या समोरच्या खुर्चीत बसून, टॅमसिन काही बोलायच्या आधीच, डोळे मिटून घेतले. मला वाटलं, बिचारा दमलाय.

पाऊण वाजता फोन थरथरला. माझाच. तो पर्समध्ये होता. मग आणखी कुणाचा तरी. मग एकदम चार-पाच, कोटांच्या खिशांत, खुर्च्यांखाली.

"आवाज येतात, आवाज जातात," टॅमसिन म्हणाली. "आपण त्यांच्या मागे जायचं नाही."

क्लाइव्हने एक डोळा उघडला, फोन काढला, हात लांब धरून वाचला. चष्मा तो कधीच आणत नाही.

"आवाज आला," तो म्हणाला, "आणि माझी नोकरी गेली."

मग सगळ्यांनीच फोन काढले. मेल लांबलचक होता. वर 'आपला सामायिक प्रवास' असं शीर्षक होतं, आणि प्रवासाला कोणकोण येणार नाही ते खाली होतं. परीक्षा विभागात नऊ जागांच्या पाच होणार. पोर्टर आणि सफाईचं काम बाहेरच्या कंपनीकडे जाणार. शेवटून दुसऱ्या ओळीत होतं की या स्वास्थ्य सत्रांऐवजी एप्रिलपासून मोबाइल ॲप मिळेल.

टॅमसिनने ते दोनदा वाचलं. वाचताना तिचे ओठ हलत होते. मग तिने फोन पालथा करून मांडीवर ठेवला.

सगळ्या खोलीत एकट्या प्रॉजचे डोळे अजून मिटलेले होते. फ्रेयाचेही होते म्हणा, पण ती खरोखर झोपली होती.

"नायजेल," क्लाइव्ह म्हणाला, "तुम्हाला ठाऊक होतं ना?"

प्रॉजनी डोळे उघडले. "मला वाटतं, यावर बोलायला योग्य ती जागा... आणि मला एक मीटिंगही आहे." ते उठायला लागले.

"अजून पंधरा मिनिटं आहेत," टॅमसिन म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता, नेहमीसारखा मऊच होता, म्हणून जास्त भीती वाटली. "सत्र मध्ये सोडायचं नाही. बसा, नायजेल. डोळे मिटा."

आणि ते बसले! दार उघडं होतं, कुणी अडवलं नव्हतं, तरी तो मोठा साहेब शाळेतल्या पोरासारखा खाली बसला.

"आत्ता जे जाणवतंय ते चांगलं नाही," टॅमसिन म्हणाली. "त्याच्यापासून पळू नका. ज्याला जे जाणवतंय ते बोला. कुणी कुणाला उत्तर द्यायचं नाही. फक्त ऐकायचं."

पाइपातलं गरम पाणी तेवढं ठोके देत होतं.

"मला गुडघे जाणवतायत," क्लाइव्हने सुरुवात केली. "बत्तीस वर्षं तुमच्या खुर्च्या जिन्यांवरून वर-खाली नेल्या, ते गुडघे. कंपनीवाले ते घेणार नाहीत. मी असतो तर मीही घेतले नसते."

भूगर्भशास्त्राच्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, "मला भूक लागलीय. माफ करा, पण खरंच तेवढंच जाणवतंय." दर बुधवारचं ट्यूना सँडविच त्यांचंच होतं.

माझी पाळी आली. मला शिव्या घालायच्या होत्या, चांगल्या निवडक. पण डोळे मिटलेले असले की माणूस भलतंच बोलतो.

"मला लाज वाटतेय," मी म्हटलं. "नवाच्या पाच, हे वाचल्या वाचल्या मी मनात मोजायला लागले की पाचांत मी बसते का. आणि बसवण्यासाठी मी पहिलं नाव खोडलं ते कॅरोलचं. का, तर नवऱ्याच्या आजारपणापायी तिच्या रजा फार होतात म्हणून. कॅरोल माझ्या शेजारी बसते. माझ्या वाढदिवसाला केक तीच आणते. मला दोन सेकंदसुद्धा लागले नाहीत."

कुणीतरी माझ्या हातावर हात ठेवला. फ्रेया जागी झाली होती आणि माझ्या मांडीवरच्या फोनवर मेल बघत होती.

"काय झालंय मला नीटसं कळलेलं नाही," ती म्हणाली, "पण गेल्या जूनमध्ये परीक्षेच्या यादीत माझा नंबरच नव्हता. या बाईंनी संध्याकाळी सहापर्यंत बसून शोधला. भयंकर शिव्या देत होत्या, मला नव्हे, कॉम्प्युटरला. पण शोधला. ॲप शोधेल का?"

"हा प्रश्न झाला," टॅमसिन म्हणाली. "फक्त जाणवतंय ते."

"मग मला राग जाणवतोय."

आता प्रॉज उरले. त्यांच्या पापण्या थरथरत होत्या. मला वाटलं, आता 'आव्हानात्मक काळ' असलं काहीतरी येणार.

"मेल मी लिहिलाय," ते म्हणाले. "पहिल्या खर्ड्यात 'माफ करा' असं होतं. कायदेवाल्यांनी काढायला लावलं. म्हणाले, त्याने चूक कबूल केल्यासारखं होतं. पाऊण वाजताची वेळही मीच ठरवली. म्हटलं, तेव्हा मी इथे असेन. डोळे मिटलेले, फोन बंद. निदान पंधरा मिनिटं कुणाचा चेहरा बघावा लागणार नाही."

"म्हणजे लपायला आलात," क्लाइव्ह म्हणाला.

"उत्तर द्यायचं नाही, क्लाइव्ह."

"हो," प्रॉज म्हणाले. "लपायलाच आलो." मग त्यांनी डोळे उघडले, गोलात प्रत्येकाकडे एकदा पाहिलं, आणि म्हणाले, "माफ करा."

"त्याचा काही उपयोग नाही," क्लाइव्ह म्हणाला.

"ठाऊक आहे."

"तरी म्हणालात ते बरं केलंत. आणि मोज्याला भोक पडलंय तुमच्या. अंगठा बाहेर आलाय."

प्रॉजनी खाली पाहिलं आणि दुसऱ्या पायाने तो अंगठा झाकला. ते पाहून मला हसू फुटलं. भूगर्भवाल्या बाईंनाही फुटलं. मग सगळेच हसलो, वेड्यासारखे, प्रॉजसुद्धा, आणि हसता हसता टॅमसिन रडायला लागली. तिला पाहून कुणाला काय करावं कळेना. शेवटी बाईंनी अर्धं सँडविच तिला दिलं. तिने ते खाल्लं, नाक पुसलं आणि बरोबर एक वाजता घंटा वाजवली.

माझ्या टेबलाशी परत आले तेव्हा कॅरोल मेल वाचत होती. मी तिच्यासाठी चहा केला आणि वर जे बोलले होते ते तिलाही सांगून टाकलं. तिने कप टेबलावर ठेवला.

"मी पण खोडलं एक नाव," ती म्हणाली. "तुझं. त्या लाथेमुळे."

पुढचे दोन महिने युनियनच्या बैठकांत गेले. प्रॉजनी वर भांडून नवाच्या सहा करून घेतल्या, आणि आधी ज्यांना स्वेच्छेने जायचंय त्यांना विचारायचं, हेही. कॅरोल स्वेच्छेने गेली. नवऱ्याजवळ घरी बसायचं होतं म्हणाली. ते खरं होतं की माझ्यासाठी होतं, ते मी अजून विचारलेलं नाही. उरलेल्यांना आपापल्याच नोकरीसाठी मुलाखत द्यावी लागली. पॅनेलवरच्या एका पोरसवदा गृहस्थाने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?"

"बासष्टाव्या वर्षात," मी म्हटलं. मला घेतलं.

टॅमसिन आता अग्निशमन दलाला शिकवते. अधूनमधून भोंगा वाजतो आणि सगळा वर्ग उठून पळतो. निदान कारण तरी खरं असतं, म्हणते. ॲप मी एकदा उघडलं. त्यातल्या बाईने मला नाव विचारलं, मी सांगितलं, आणि तिने मला 'बार्बरा' म्हणून हाक मारली. बंद केलं.

क्लाइव्हला कंपनीने खरंच घेतलं नाही. तो गावाबाहेरच्या स्मशानगृहात दरवाज्यावर लागला. मे महिन्यात त्याचा फोन आला.

"कसंय काम?" मी विचारलं.

"एकदम शांत. सगळे वेळेवर येतात, कुणाची तक्रार नाही. बाग तर अशी फुललीय की बघत राहावं. येतेस का कधी?"

"इतक्यात नको," मी म्हटलं.